ड्राइव्ह कीपॅडवर चालतो, रिमोटवर चालत नाही: दोष शोधायचा कसा

कीपॅडवरचं हिरवं बटण दाबलं की मोटर सुरळीत फिरते, पण कंट्रोल रूममधून कमांड दिली की ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, व्हीएफडी) ढिम्म हलत नाही. अशा वेळी नवा माणूस ड्राइव्ह बिघडला असं ठरवून मोकळा होतो. प्रत्यक्षात मोटर कीपॅडवर फिरते, म्हणजे सप्लाय, पॉवर सर्किट, मोटर आणि मोटरची केबल हे सगळं धडधाकट आहे. दोष उरतो तो फक्त निरोप पोचण्यात. म्हणून ड्राइव्ह बदलायची घाई करू नका.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा. ड्राइव्हला फिरण्यासाठी तीन वेगवेगळ्या गोष्टी लागतात: 'फीर' म्हणणारी रन कमांड, किती वेगाने फिरायचं ते सांगणारा स्पीड रेफरन्स, आणि फिरायला परवानगी देणारे एनेबल. या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या वाटांनी येऊ शकतात. रन कमांड टर्मिनलवरून, रेफरन्स ४–२० मिलिअँपिअरच्या करंट सिग्नलवरून आणि एनेबल सेफ्टी रिलेतून, अशी जोडणी अगदी नेहमीची आहे. 'रिमोट चालत नाही' ही तक्रार आली की पहिला प्रश्न विचारायचा: तिघांपैकी काय आलेलं नाही?

हात लावण्याआधी

रिमोट तपासताना मोटर कोणत्याही क्षणी फिरू शकते. सैल वायर हलली आणि कॉन्टॅक्ट जुळला की पंखा किंवा कन्व्हेयर सुरू होतो. यंत्राजवळ कोणी नाही याची खात्री करा. टर्मिनलच्या वायरी काढायच्या असतील तर आयसोलेटर बंद करून कुलूप आणि टॅग लावा. ४०० व्होल्टच्या ड्राइव्हची डीसी बस साधारण ५६५ व्होल्टची असते आणि सप्लाय बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. लहान ड्राइव्हला चार-पाच मिनिटं, मोठ्याला पंधरा किंवा जास्त. नेमका वेळ झाकणावरच्या लेबलवर दिलेला असतो. तेवढं थांबून मगच झाकण उघडा, आणि मीटरने बस ५० व्होल्टच्या खाली आल्याचं बघूनच आत हात घाला. आणखी एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात: ड्राइव्ह बंद असला तरी त्याच्या रिले आउटपुटच्या टर्मिनलवर दुसऱ्या पॅनलमधून आलेले २३० व्होल्ट असू शकतात.

पायरी १: डिस्प्ले नीट वाचा

मीटर बाहेर काढण्याआधी दोन मिनिटं नुसता डिस्प्ले बघा. एबीबीच्या कीपॅडवर 'लोकल' किंवा 'रिमोट' अशी खूण दिसते. डॅनफॉसवर 'हँड ऑन', 'ऑफ' आणि 'ऑटो ऑन' अशी तीन बटणं असतात, आणि कोणी 'ऑफ' दाबून गेलं असेल तर 'ऑटो ऑन' दाबेपर्यंत बाहेरची कुठलीही कमांड लागू होत नाही. इतकी साधी गोष्ट, पण देखभालीनंतरच्या तक्रारींत हीच वारंवार सापडते.

मग रन कमांड देऊन बघा काय होतं:

– रनचा दिवा लागतो किंवा लुकलुकतो, पण फ्रीक्वेन्सी ०.० राहते: रन पोचली, रेफरन्स नाही.
– रेफरन्स ३५.० हर्ट्झ दिसतो, पण ड्राइव्ह 'स्टॉप' किंवा 'रेडी' म्हणतो: रेफरन्स पोचला, रन नाही.
– दोन्ही दिसतात, फॉल्ट नाही, तरी मोटर थांबलेली: एनेबल अडलंय. अशा वेळी ड्राइव्ह सहसा कीपॅडवरूनही चालत नाही.

तिसऱ्या प्रकारात सेफ टॉर्क ऑफची (मोटरला टॉर्क मिळू न देणारी सुरक्षेची सोय) टर्मिनलं आधी बघा. नव्या ड्राइव्हवर तिथे कंपनीने बसवलेले जंपर असतात. वायरिंग करताना ते काढले आणि सेफ्टी रिलेच्या वायरी आल्याच नाहीत, असं होतं. सेफ्टी रिले जोडलेला असेल तर जंपर परत लावून काम भागवायचं नाही. तो रिले का पडलाय ते शोधायचं. डॅनफॉसच्या एफसी मालिकेत टर्मिनल २७ कंपनीतून 'कोस्ट इन्व्हर्स' म्हणून येतं. टर्मिनल १२ वरचे २४ व्होल्ट तिथे पोचले नाहीत, तर मोटर फिरत नाही.

पायरी २: ड्राइव्ह कोणाचं ऐकतोय?

सगळ्या पॅरामीटरची आधी कॉपी घ्या, निदान मोबाइलवर फोटो काढा. फॅक्टरी रीसेट हा उपाय नव्हे. त्याने मोटरचा डेटा, रॅम्प, इंटरलॉक सगळं पुसलं जातं आणि एका दोषाचे पाच होतात.

रन आणि रेफरन्स यांचे स्रोत ठरवणारे दोन वेगळे पॅरामीटर असतात. सीमेन्सच्या मायक्रोमास्टर ४४० मध्ये पी०७०० रनचा आणि पी१००० रेफरन्सचा. दोन्हीकडे २ म्हणजे टर्मिनल. यास्कावाच्या व्ही१००० आणि ए१००० मध्ये बी१-०१ रेफरन्सचा, बी१-०२ रनचा: ० कीपॅड, १ टर्मिनल, २ सीरियल कम्युनिकेशन. डेल्टाच्या व्हीएफडी-ई आणि ईएल मध्ये ०२-०० रेफरन्सचा आणि ०२-०१ रनचा. इथे दोघांचे आकडे सारखे नाहीत, हे लक्षात ठेवा: ०२-०० मध्ये १ म्हणजे ०–१० व्होल्ट, २ म्हणजे ४–२० मिलिअँपिअर, ३ म्हणजे आरएस-४८५ (सीरियल कम्युनिकेशन), ०२-०१ मध्ये मात्र १ आणि २ म्हणजे टर्मिनल, ३ आणि ४ म्हणजे आरएस-४८५. फरक इतकाच की १ आणि ३ ठेवलं तर कीपॅडचं स्टॉप बटण चालू राहतं, २ आणि ४ ठेवलं तर नाही.

एक पॅरामीटर बदलला आणि दुसरा विसरला, ही नव्या माणसाची हमखास होणारी चूक. काही ड्राइव्हमध्ये स्रोतांचे दोन संच असतात. एबीबीच्या एसीएस५५० मध्ये एक्सटी१ आणि एक्सटी२ (EXT1, EXT2), आणि त्यांतला कोणता लागू ते एखादा डिजिटल इनपुट ठरवतो. तुम्ही एक्सटी१ ची सेटिंग तासभर तपासत बसाल आणि ड्राइव्ह एक्सटी२ वर असेल.

पायरी ३: रन कमांड ड्राइव्हच्या आत दिसते का?

प्रत्येक चांगल्या ड्राइव्हमध्ये डिजिटल इनपुटची स्थिती दाखवणारा मॉनिटर असतो: यास्कावात यू१-१०, डॅनफॉसमध्ये १६-६०, सीमेन्समध्ये आर०७२२. हा मॉनिटर उघडा ठेवून लांबून कमांड द्यायला सांगा. बिट ० वरून १ झाला तर वायरिंग ठीक आहे आणि दोष सेटिंगमध्ये. बिट हललाच नाही तर दोष वायरिंगमध्ये. इथून पुढे अर्धं काम संपलेलं असतं.

बिट हलत नसेल तर रेफरन्स अगदी कमी ठेवा, बाहेरून आलेली वायर काढा आणि ड्राइव्हच्या टर्मिनलवरच छोट्या वायरने इनपुट ऑन करा. मोटर फिरू शकते, हे विसरू नका. आता बिट १ झाला तर ड्राइव्हचा इनपुट शाबूत आहे. मग केबलच्या मधल्या जंक्शन बॉक्सवर मोजा, तिथून पुढचा अर्धा की मागचा अर्धा ते ठरवा, आणि असंच निम्मं-निम्मं करत जा.

इनपुट ऑन कसा करायचा हे पीएनपी की एनपीएन यावर अवलंबून आहे. पीएनपी म्हणजे सोर्स जोडणीत इनपुटला २४ व्होल्ट दिले की तो ऑन होतो. एनपीएन म्हणजे सिंक जोडणीत इनपुट ० व्होल्टच्या कॉमनला जोडला की ऑन. ही निवड ड्राइव्हवर जंपरने, डीआयपी स्विचने किंवा पॅरामीटरने होते. पीएलसीचं (कमांड देणारा औद्योगिक कंट्रोलर) आउटपुट पीएनपी आणि ड्राइव्ह सिंकवर ठेवलेला, तर पीएलसीचा दिवा लागतो आणि ड्राइव्ह ढिम्म. पीएलसी आणि ड्राइव्ह वेगवेगळ्या २४ व्होल्ट सप्लायवर असतील आणि दोघांचे ० व्होल्ट जोडलेले नसतील, तरी हेच होतं. म्हणून मोजताना मीटरच्या काळ्या प्रोबने ड्राइव्हचा कॉमन धरा, पीएलसीचा नाही.

रिलेचा कॉन्टॅक्ट वापरला असेल तर तो जवळून बघा. ड्राइव्हचा डिजिटल इनपुट फक्त काही मिलिअँपिअर ओढतो. मोठ्या कॉन्टॅक्टरच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवर चढणारा काळसर थर इतक्या कमी करंटने जळत नाही, त्यामुळे कॉन्टॅक्ट मिटलेला दिसतो पण निरोप जात नाही. मीटरच्या कंटिन्युइटी बझरवर विश्वास ठेवू नका. कॉन्टॅक्ट मिटलेला असताना त्याच्या दोन टोकांवर डीसी व्होल्ट मोजा: शून्याच्या आसपास आलं तर ठीक, पाच-दहा व्होल्ट दिसले तर तो बदला. अशा जागी सोन्याचा मुलामा दिलेल्या कॉन्टॅक्टचा छोटा रिले लावावा. केबल लांब असेल आणि शेजारून २३० व्होल्टच्या वायरी जात असतील, तर हा रिले ड्राइव्हच्याच पॅनलमध्ये बसवा. नाहीतर प्रेरित व्होल्टेजमुळे इनपुट आपोआप ऑन-ऑफ होतो.

क्रेनच्या रेडिओ रिमोटची तपासणीही इथेच सुरू होते. रिसीव्हरचा आउटपुट शेवटी रिले कॉन्टॅक्टच असतो. बटण दाबल्यावर त्या रिलेचा दिवा लागतो का? लागत नसेल तर बॅटरी आणि पेअरिंग बघा. लागत असेल तर रेडिओ सोडा, वायर धरा.

बिट १ होतो, तरी ड्राइव्ह सुरू होत नाही? मग दोन कारणं तपासा. पहिलं, ड्राइव्ह ३-वायर कंट्रोलवर (स्टार्ट आणि स्टॉपची वेगळी बटणं) ठेवलेला आहे आणि स्टॉपचा नेहमी मिटलेला कॉन्टॅक्ट जोडलेलाच नाही. दुसरं, रन कमांड आधीपासून ऑन होती. सप्लाय येताना किंवा लोकलवरून रिमोटवर नेताना रन आधीच दिलेली असेल, तर अनेक ड्राइव्ह ती मुद्दाम मानत नाहीत. एकदा बंद करून पुन्हा द्यावी लागते. यास्कावात हे बी१-०७ आणि बी१-१७ ने ठरतं. वीज गेल्यावर पंप परत सुरू होत नाही, अशा तक्रारींमागे बहुधा हेच असतं. ही सोय काढून टाकण्याआधी यंत्र आपोआप सुरू झालेलं चालेल का, हे यंत्राच्या जबाबदार माणसाला विचारा.

पायरी ४: रेफरन्स

पोटेन्शिओमीटर असेल तर त्याचं निदान लक्षणावरूनच होतं. तीन वायरी असतात: १० व्होल्ट, मधला वायपर आणि कॉमन. कॉमन तुटली तर पॉट कुठेही ठेवा, मोटर पूर्ण वेगाने पळते, कारण वायपरवर सगळे १० व्होल्ट येतात. १० व्होल्टची वायर तुटली तर वेग शून्य. वायपर तुटला तर वेग शून्य किंवा भरकटलेला.

४–२० मिलिअँपिअरचं गणित पाठ करा: करंटमधून ४ वजा करा, १६ ने भागा, ५० ने गुणा. १२ मिलिअँपिअरला २५ हर्ट्झ, ८ ला १२.५. ड्राइव्हचा इनपुट चुकून ०–२० वर ठेवला असेल तर ४ मिलिअँपिअरला मोटर १० हर्ट्झने फिरत राहते आणि ८ ला २० हर्ट्झ दिसतात. किमान सिग्नलला १० हर्ट्झ दिसले की थेट हे सेटिंग उघडा.

याहून घातक चूक म्हणजे डीआयपी स्विच व्होल्टेजच्या बाजूला आणि वायर मिलिअँपिअरची. व्होल्टेज इनपुटचा रोध खूप जास्त असल्यामुळे करंट वाहू शकत नाही, आणि करंट ढकलायचा म्हणून पाठवणारं उपकरण व्होल्टेज वाढवत नेतं. ड्राइव्हला १० व्होल्टहून जास्त दिसतात आणि मोटर सरळ ५० हर्ट्झवर जाते. ओळखायला सोपं आहे: करंट इनपुटचा रोध साधारण २०० ते २५० ओहम असतो, म्हणून १२ मिलिअँपिअरला टर्मिनलवर २.४ ते ३ व्होल्ट दिसायला हवेत. मीटर १५–२० व्होल्ट दाखवत असेल तर सप्लाय बंद करून आधी स्विच बदला. लूप न तोडता करंटचा अंदाज घ्यायलाही हीच मोजणी कामाला येते.

टू-वायर ट्रान्समीटरला लूपमध्ये २४ व्होल्टचा सप्लाय लागतो. पीएलसीचं अॅनालॉग आउटपुट सहसा स्वतःच करंट देतं. दोन्ही बाजू सप्लाय देणाऱ्या किंवा दोन्ही मागणाऱ्या असल्या तर लूप चालत नाही. एकच करंट दोन उपकरणांना द्यायचा तर ती सिरीजमध्ये.

वायरिंग बरोबर असून वेग चुकत असेल तर पीएलसीमधलं स्केलिंग बघा. सीमेन्सच्या अॅनालॉग आउटपुटमध्ये २७६४८ म्हणजे १० व्होल्ट किंवा २० मिलिअँपिअर. प्रोफिनेटवर (इथरनेटवरचं औद्योगिक नेटवर्क) मात्र त्याच कंपनीच्या ड्राइव्हला १६३८४ म्हणजे १०० टक्के वेग लागतो. अॅनालॉगचं स्केलिंग तसंच उचलून प्रोफिनेटवर लावलं तर सुमारे १६९ टक्क्यांची मागणी जाते, ड्राइव्ह कमाल मर्यादेवर अडकतो, आणि स्क्रीनवरच्या ६० टक्क्यांच्या पुढे काहीच बदलत नाही असं ऑपरेटर सांगतो.

पायरी ५: कम्युनिकेशन

मॉडबस आरटीयूमध्ये (आरएस-४८५ वायरवर चालणारी संवादपद्धत) आधी तांब्याची वायर, मग सेटिंग, मग रजिस्टर. हा क्रम मोडू नका.

सगळं बंद करून ए आणि बी मध्ये ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर असतील तर ६० च्या आसपास येईल. १२० आले तर एकच आहे. ४० आले तर कुठेतरी तिसरा स्विच ऑन राहिलाय, बहुधा मधल्याच एखाद्या ड्राइव्हवर. केबल एका ड्राइव्हकडून दुसऱ्याकडे साखळीने जायला हवी, चांदणीसारख्या फांद्या नकोत. तिसरी वायर म्हणजे सिग्नल कॉमन, तीही जोडा. ए आणि बी ही नावं सगळ्या कंपन्या एकाच अर्थाने वापरत नाहीत. उत्तर येत नसेल तर दोन वायरींची अदलाबदल करून बघा, त्याने नुकसान होत नाही.

मग पत्ता, बॉड रेट, पॅरिटी आणि स्टॉप बिट. मॉडबसच्या प्रमाण नियमात इव्हन पॅरिटी आहे, आणि पॅरिटी नसेल तर दोन स्टॉप बिट; पण बऱ्याच ड्राइव्हवर ८-एन-१ (८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) ठेवलेलं सापडतं. एका साखळीवर दोन ड्राइव्हना एकच पत्ता दिला की दोघंही एकदम बोलतात आणि मास्टरला काहीच समजत नाही. शंका आली तर बाकीचे काढून एकेक जोडा.

पीएलसी बाजूला ठेवा आणि लॅपटॉपवरून यूएसबी-४८५ कन्व्हर्टरने आधी फक्त वाचा. डेल्टाच्या ड्राइव्हमध्ये २१०३एच (एच म्हणजे हेक्साडेसिमल) वर आउटपुट फ्रीक्वेन्सी मिळते. वाचता आलं, म्हणजे वायर आणि सेटिंग ठीक. एक्सेप्शन ०२ (ड्राइव्हने परत पाठवलेला त्रुटीचा कोड) आला तर रजिस्टरचा पत्ता चुकला; बहुतेक वेळा फरक एकाचाच असतो, कारण ४०००१ हे नाव प्रत्यक्ष निरोपात ० म्हणून जातं. ०३ आला तर किंमत मर्यादेबाहेर. आता लिहा: २००१एच वर १००० म्हणजे १०.०० हर्ट्झ, २०००एच वर १८ म्हणजे पुढच्या दिशेने रन, १ म्हणजे स्टॉप. लिहिणं मान्य झालं तरी मोटर फिरली नाही, तर पायरी २ वर परत जा. ड्राइव्हने आकडा घेतला पण त्याचा स्रोत अजून टर्मिनलच आहे.

सीमेन्सला प्रोफिनेटवर किंवा प्रोफिबसवर आधी ०४७ई आणि मग ०४७एफ हा कंट्रोल वर्ड (कमांडचा हेक्स आकडा) पाठवायचा. थेट ०४७एफ धरून ठेवलं तर चढता बदल मिळत नाही आणि ड्राइव्ह सुरू होत नाही. या वर्डचा बिट १० शून्य असेल तर ड्राइव्ह पीएलसीचं मुळीच ऐकत नाही.

चालता चालता मधूनच कम्युनिकेशन ट्रिप येत असेल – डेल्टावर सीई१०, डॅनफॉसवर अलार्म १७ – तर ज्याच्यावर ट्रिप आली त्याच्याच मागे लागू नका. समजा साखळीत दहा ड्राइव्ह आहेत आणि मास्टर न बोलणाऱ्यासाठी एक सेकंद थांबतो. देखभालीसाठी दोन ड्राइव्ह बंद केले की प्रत्येक फेरीत दोन सेकंद वाया जातात, आणि दीड सेकंदाचा टाइमआउट असलेला निर्दोष ड्राइव्ह ट्रिप होतो. उपाय मास्टरच्या प्रोग्राममध्ये आहे: न बोलणाऱ्याला तात्पुरतं वगळा.

मोटर थांबलेली असताना संवाद ठीक आणि फिरताना बिघडतो? मग तो नॉइज आहे. कंट्रोलची केबल मोटरच्या केबलपासून ३० सेंटिमीटर लांब ठेवा, ओलांडायचीच तर काटकोनात. मोटरच्या केबलची शील्ड दोन्ही टोकांना क्लॅम्पने पूर्ण गोलाकार पकडलेली हवी. पिळून केलेली शेपटी उपयोगाची नाही. अॅनालॉगची शील्ड सहसा फक्त ड्राइव्हच्या बाजूला अर्थ करतात. खात्री करायला जमिनीवरून तात्पुरती वेगळी केबल टाकून बघा. दोष गेला तर ट्रेमधला मार्ग बदला.

पायरी ६: देण्याआधीची चाचणी

१० हर्ट्झवर मोटर चालवा आणि कम्युनिकेशनचा प्लग काढा. टाइमआउटला ठरलेल्या सेकंदांत ड्राइव्ह ठरल्याप्रमाणे थांबतो का, हे घड्याळ लावून बघा. प्लग परत लावल्यावर मोटर आपोआप सुरू व्हायला नको असेल तर तेही तपासा. ट्रिपचा त्रास नको म्हणून टाइमआउट शून्य करून ठेवणं धोक्याचं आहे: वायर तुटली तरी मोटर शेवटच्या वेगाने फिरत राहते आणि लांबून कोणी थांबवू शकत नाही. तशीच ४–२० ची वायर टर्मिनलवरून काढून बघा. इमर्जन्सी स्टॉप दाबून बघा. तो वायरने थेट जोडलेलाच हवा, मॉडबसवरून नाही. शेवटी बदललेले पॅरामीटर, जुन्या आणि नव्या किमतींसह, तारीख घालून कागदावर लिहा आणि पॅनलच्या दाराच्या खिशात ठेवा.